'मी आहे ना' म्हणजे किती?

आपल्याकडे माणसं एक वाक्य फार सढळ हातानं वाटतात. कुणाच्या घरी आजारपण निघालं, कुणाचा मुलगा परदेशी निघाला, कुणी दारात उभं राहून डोळे पुसायला लागलं, की समोरचा म्हणतो, "काळजी करू नका, मी आहे ना." मीही म्हणत आले. लग्नाच्या कार्यालयात म्हणाले, दवाखान्याच्या बाकावर म्हणाले, फोनवर तर किती वेळा म्हणाले असेन देव जाणे. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि म्हणणाऱ्याला त्याहून बरं वाटतं. त्यावर कुणी विचारत नाही की बाई, तू आहेस म्हणजे नक्की कुठे आहेस, किती वाजेपर्यंत आहेस, आणि रविवारी आहेस का. कुणी विचारलंच तर आपण त्याला खडूस म्हणून मोकळे होतो.

मला ते विचारलं गेलं. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी विचारलं. त्यातून माझी जी पंचाईत झाली ती सांगते.

मी इंजिनियर. गाड्यांच्या ब्रेकची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी चौदा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. माझा स्वभाव तापट आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे नवऱ्याला सांगायचे कष्ट नकोत. ऑफिसात मात्र मी एकदम थंड डोक्याची. तिथे मीटिंग संपताना प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव लिहितात, आणि नाव एकच लिहायचं असतं. नवीन होते तेव्हा एकदा मी मोठ्या मनानं एका कामापुढे दोन नावं लिहिली. बॉसनं त्यातलं एक खोडलं. दोघं जबाबदार म्हणजे कुणीच जबाबदार नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. तेव्हापासून माझं नाव लागलेलं प्रत्येक काम मी खोदून खोदून विचारून घेते. नक्की काय हवंय, कधी हवंय, आणि माझ्या हातात नसलेलं त्यात काय काय आहे. ब्रेकच्या बाबतीत 'बघू, होऊन जाईल' चालत नाही. पण संध्याकाळी गेटबाहेर पडले की डोक्यातला तो कप्पा बंद होतो आणि मी परत सांगलीची होते.

खालच्या बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. जन्मभर औषधांच्या दुकानात काम केलेलं, त्यामुळे बोलणं मोजूनमापून. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक धाकटी बहीण तिकडे हाम्बुर्गला. आम्ही राहायला आलो तेव्हा आमचं पहिलं नातं जमलं ते जिन्यातल्या खिडकीवरून. त्या रोज सकाळी ती खिडकी सताड उघडायच्या, बाहेर बर्फ पडत असलं तरी. हवा खेळती राहिली पाहिजे हा त्यांचा धर्म. मी ऑफिसला निघताना कुडकुडत ती बंद करायची. संध्याकाळी येऊन बघावं तर परत उघडी. एकमेकींना "गुटन टाग" म्हणायचो, हसायचो, आणि खिडकीबद्दल अवाक्षर काढायचो नाही. दोन हिवाळे हे चाललं. नवरा म्हणायचा, दोघी सारख्याच हट्टी आहात, म्हणून जमतंय तुमचं.

मग एका मार्चमध्ये त्यांची बहीण गेली. हाम्बुर्गहून अंत्यविधी उरकून त्या परतल्या तेव्हा मी भाजी घेऊन येत होते. बघते तर बाई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. कोट अंगात, बॅग मांडीवर, बॅगेत हात. किल्ली सापडत नव्हती असं म्हणाल्या, पण किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. मला भडभडून आलं. मी त्यांना वर आमच्याकडे आणलं, आल्याचा चहा केला. साखर चालते का विचारायचंही मला सुचलं नाही. त्यांनी तो सगळा प्यायला. आता माझं म्हणावं असं कुणी उरलं नाही, एवढं एकच वाक्य त्या बोलल्या. मी त्यांचा हात धरला आणि आपल्या रीतीनं जर्मनमध्ये म्हटलं, "इश बिन या दा." मी आहे ना.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही मनापासून म्हणताय का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? आपल्या गावी असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी रुसून महिनाभर बोलले नसते. मी घाईघाईनं म्हटलं, नाट्युअरलिश, अर्थातच. त्यांनी मान हलवली, "गुट" म्हणाल्या, आणि उठून खाली गेल्या. मी नवऱ्याला म्हटलं, किती कोरडी माणसं असतात रे ही. पुढच्या शनिवारी त्यांनी त्यांच्या घराची एक जादा किल्ली आणून माझ्या हातात दिली. मला त्यांचं कौतुक वाटलं, माझं स्वतःचंही वाटलं, आणि किल्ली फ्रीजजवळच्या खिळ्याला लटकली.

नोव्हेंबरात एका सकाळी मुलगी शाळेसाठी तयार होता होता म्हणाली की हीटिंगच्या पाइपातून ठकठक येतेय. मी कान दिला. ठक, ठक, मग बराच वेळ काही नाही, मग परत ठक. मी किल्ली घेऊन खाली धावले. बाई बाथरूमच्या फरशीवर पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, हातात केसांचा ब्रश, त्यानंच पाइप वाजवत होत्या. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले तेव्हा कळलं की त्या मध्यरात्रीनंतर कधीतरी पडल्या होत्या. म्हणजे कितीतरी तास तशाच. अहो, मग रात्रीच का नाही वाजवलंत, असं मी जवळजवळ ओरडलेच. त्या दातांवर दात रोवून म्हणाल्या की सकाळी सहाच्या आत बिल्डिंगमध्ये आवाज करायचा नसतो. यावर हसावं की त्यांना एक ठेवून द्यावी, मला कळेना.

ऑपरेशन झालं, मग त्यांना रेहामध्ये हलवलं, म्हणजे जिथे माणसाला पुन्हा चालायला शिकवतात तिथे. मी दोन-तीनदा भेटून आले. एकदा शिरा नेला, तो त्यांनी नर्सना वाटला. बरं चाललं होतं. आणि एका बुधवारी, मी ब्रेक तपासायच्या मशीनसमोर उभी असताना, तिथल्या सोझियालडीन्स्टचा फोन आला. पेशंट सुटल्यावर जाणार कुठे, त्याचं बघणार कोण, याची व्यवस्था लावणारं ते खातं. फोनवरची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की पेशंटला घरी जायचंय, दुपारची नर्स घरी येईल, पण सकाळ-संध्याकाळ आणि रात्रीसाठी हाकेच्या अंतरावर कुणीतरी लागेल. तसं कुणी नसेल तर त्यांना हाइममध्ये, वृद्धाश्रमात, जागा बघायला लागेल. आणि पेशंटनं सांगितलंय की वर राहणाऱ्या बाई आहेत.

मी विचारलं, आहेत म्हणजे? ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, तेच मला तुमच्याकडून ऐकायचंय. एकदा हाइममध्ये गेल्या तर या वयात तिथून परत घरी येणं अवघडच असतं."

सोमवारपर्यंत कळवते म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ही काय पद्धत झाली, चहाच्या कपावर बोललेलं कुणी असं धरून ठेवतं का, माणसानं दोन शब्द मायेचे बोलायची सोय नाही या देशात, मला नोकरी आहे, घर आहे, गुडघे माझेही दुखतात. नवरा कांदा चिरत ऐकत होता. शेवटी म्हणाला, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तूच गेलीस, आता चटका बसला म्हणून लष्कराला का शिव्या देतेस. मी त्याच्यावर उखडले. मुलगी सोफ्यावर मोबाइल बघत होती. तिनं मान वर न करता जर्मनमध्ये म्हटलं, पण तू म्हणाली होतीस ना. टोमणा नव्हता त्यात. बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तसं ती म्हणाली. मी जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या.

पोळ्या लाटताना डोकं जरा निवतं. मी विचार करत होते की मी तेव्हा खोटं बोलले होते का? नाही. देवाशपथ नाही. त्या क्षणी त्या बाईंसाठी मी काहीही केलं असतं. माणूस बोलण्याच्या घडीला असतोच तितका चांगला, जितका तो बोलतो. भानगड अशी होते की शब्द देते एक बाई, आणि तो पाळायचा असतो दुसऱ्याच बाईला. पहिलीचं मन भरून आलेलं असतं, हातात ऊन चहा असतो. दुसरी सकाळी उठते, तिला उशीर झालेला असतो, पाळी आलेली असते, बॉसचा फोन येणार असतो. पहिली दुसरीला विचारत नाही, परस्पर तिचं नाव देऊन मोकळी होते. ऑफिसात मला न विचारता कुणी माझं नाव असं दिलं असतं तर मी सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. इथे मीच मला फसवलं होतं. त्यामुळे भांडायचं कुणाशी, हाही प्रश्नच होता.

तरी मी ठरवलं की नाही म्हणायचं. शनिवारी जायचं, समोर बसायचं आणि हात जोडून सांगायचं की मला जमणार नाही. फोनवरून काखा वर करण्यापेक्षा ते बरं. जर्मन वाक्यं मी मनात जुळवून ठेवली. ती वाक्यं नम्र होती, व्यवस्थित होती, आणि त्यांचा अर्थ एवढाच होता की बाई, तुम्ही आता आपल्या घरी जाणार नाही.

शुक्रवारी माझा आईला फोन असतो. आई सांगलीत एकटी राहते, बाबा गेल्यापासून. मी एकुलती एक. सोबत म्हणाल तर शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनी. आईपेक्षा बऱ्याच लहान, साठीच्या आतबाहेर, हसऱ्या, कामाला वाघ. बाबांचं सगळं आटपून मी परत निघाले त्या दिवशी, टॅक्सी दारात, मी रडतेय, आई रडतेय, तेव्हा वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "तू बिनघोर जा गं. मी आहे ना." आणि मी बिनघोर आले. खरंच सांगते, विमानात मला गाढ झोप लागली होती. तेव्हापासून औषधं आणण्यापासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं वहिनी बघतात, आणि मी इथून उंटावरून शेळ्या हाकते. दर दिवाळीला वहिनींना साडी नेते, घरच्यांसाठी चॉकलेटं नेते. आपण किती जाणीव ठेवतो, असं मला वाटायचं.

त्या शुक्रवारी आईचा आवाज थकलेला लागला. फार खोदल्यावर तिनं सांगितलं की गेल्या आठवड्यात तिला चक्कर आली होती, डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी बदललीय, आता बरं आहे. मला का नाही सांगितलंस म्हणून मी चिडले. तू तिकडून काय करणार होतीस, उगाच जिवाला घोर, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. शेजारच्या वहिनी रोज रात्री झोपायला येत होत्या म्हणे. आईचा फोन ठेवताच मी वहिनींचा नंबर लावला.

आभार मानायलाच लावला होता. ते मी मानलेही. त्यांनी नेहमीसारखं उडवून लावलं, त्यात काय एवढं, मी म्हटलं होतं ना तुला. एरवी मी इथे फोन ठेवला असता. पण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात तो जर्मन प्रश्न घोळत होता, आणि तो माझ्या तोंडून मराठीत बाहेर पडला.

"वहिनी, खरं सांगाल? तुम्हाला जमतं का हे?"

वहिनी म्हणाल्या, असं का विचारतेयस गं, आईंनी काही तक्रार केली का? मी म्हटलं नाही, मलाच विचारायचंय, मी आधीच विचारायला हवं होतं. मागे कुकरचं झाकण काढल्याचा आवाज आला. आणि मग त्या बोलू लागल्या. आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकणं रागापेक्षा जड गेलं. त्यांची मुलगी नागपूरला असते. तीन वर्षं झाली, वहिनी तिच्याकडे नीट राहायला गेलेल्या नाहीत. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला रात्रभर प्रवास करून पोचल्या, एक रात्र राहिल्या, परतल्या. मुलगी रुसलीय. आई, तुला शेजारच्या काकू माझ्यापेक्षा जवळच्या झाल्या का, असं बोलली, म्हणाल्या. नात्यातलीसुद्धा नव्हे हो, मी मनात म्हटलं, शेजारीण. नुसती शेजारीण.

मग मला सांगायचं नाही का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "कसं सांगणार? तुला म्हटलं होतं ना, मी आहे म्हणून."

फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. लाज वाटली, सरळ सांगते. मी खालच्या बाईंना नावं ठेवत होते की यांनी चहाच्या कपावरचं बोलणं धरून ठेवलं. आणि मी काय केलं होतं? टॅक्सीच्या दारात बोललेल्या एका वाक्यावर मी तीन वर्षं इथे संसार केला, प्रमोशन घेतलं, सुट्टीत इटलीला जाऊन आले. फरक एवढाच की बाईंनी मला विचारलं होतं. मनापासून म्हणताय का, असं स्वच्छ विचारलं होतं. मला तो अविश्वास वाटला होता. आता कळलं की त्यांनी मला नाही म्हणायला जागा करून दिली होती. मी वहिनींना तेवढीही जागा दिली नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तर 'नाही' आलं असतं तर माझं काय झालं असतं. आपण ज्याला विश्वास विश्वास म्हणतो त्यात कधी कधी नुसती स्वतःची सोय असते.

त्याच रात्री नवऱ्याशी बोलून ठरवलं. सांगलीत आईसाठी रात्रीची राहणारी बाई बघायची, आणि ती मिळेपर्यंत फेब्रुवारीत महिनाभर मी स्वतः जायचं. वहिनींना कळवलं की नागपूरचं तिकीट काढा. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग कुठल्या गाडीनं जाऊ म्हणून विचारायला लागल्या.

शनिवारी रेहामध्ये गेले तेव्हा जुळवून ठेवलेली ती नम्र वाक्यं माझ्याकडे होती, पण ती मला नको झाली होती. हो म्हणायचंही धाडस नव्हतं. वहिनींचं 'हो' काय भावानं पडलं होतं ते मी आदल्याच दिवशी ऐकलं होतं.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी चालायचा वॉकर. बारीक झाल्या होत्या. खिडकी अर्थातच उघडी. मी कोट काढला नाही. इकडचं तिकडचं बोलायचा मी प्रयत्न केला, पण त्यांनी तो चालू दिला नाही. म्हणाल्या, तुमचा चेहरा सांगतोय, आधी कामाचं बोला. मग त्याच म्हणाल्या की मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं, आता परत विचारते, आणि या वेळी नाही म्हणालात तरी मी तुम्हाला रोज गुटन टाग म्हणेन. फक्त दया म्हणून हो म्हणू नका. दयेवर आलेली माणसं लवकर दमतात.

मग मी बोलले. आल्झो, म्हणजे 'तर मग', म्हणून सुरुवात केली आणि ऑफिसात बोलते तसं बोलत गेले. रोज सकाळी साडेसहाला येईन. तुम्हाला उठायला, अंघोळीला मदत करीन, कॉफी ठेवीन. संध्याकाळी सातला येईन, गरम जेवण आणीन, आवडलं नाही तर बोलून दाखवायचं, नर्सना वाटायचं नाही. रविवारी नवरा येईल, त्याला बोलायला फार लागतं, ते सहन करावं लागेल. फेब्रुवारीत मी महिनाभर नाही, तेव्हा तुम्हाला तेवढे दिवस कुठेतरी राहावं लागेल किंवा पैसे देऊन बाई ठेवावी लागेल. मी चिडते, तेव्हा मोठ्यानं बोलते, ते मनावर घ्यायचं नाही. आणि रात्री नाही. रात्री मी झोपते. मला दुसऱ्या दिवशी ब्रेक तपासायचे असतात.

त्या सगळं ऐकत होत्या, बोटांवर काहीतरी मोजत असल्यासारख्या. म्हणाल्या, तुम्ही मार्चमध्ये म्हणाला होतात त्यापेक्षा हे बरंच कमी आहे. मी म्हटलं हो, पण हे खरं आहे. त्या पहिल्यांदा हसल्या.

मी त्यांना सांगितलं की रात्रीसाठी गळ्यात घालायचं ते बटण तरी घ्या, पडलात तर दाबलं की माणसं येतात. त्यांनी साफ नकार दिला. गळ्यात घंटा बांधायला मी गाय आहे का, म्हणाल्या. मग निदान रात्री पाइप तरी वाजवा, मी म्हटलं, शांततेचा नियम गेला खड्ड्यात. यावर त्या बघू म्हणाल्या. म्हणजे वाजवणार नव्हत्या. मग मी हताश होऊन म्हटलं की सोझियालडीन्स्टवाल्या बाई रात्रीचं विचारणार, तिथे कुणाचं नाव सांगायचं?

"माझं," त्या म्हणाल्या. "रात्र माझी. माझ्या घरात, माझ्या जबाबदारीवर. तिथे दुसरं नाव नको."

मग खुर्चीत जरा पुढे सरकल्या आणि माझ्या डोळ्यांत बघून, अगदी हळू, औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "आता तुम्ही विचार करा. एखाद्या सकाळी तुम्ही साडेसहाला याल, आणि मी रात्रीच जमिनीवर पडून गेलेली असेन. तुम्ही वेळेवर आलेल्या असाल. तुम्ही कबूल केलेलं सगळं केलेलं असेल. ते तुम्हाला सहन होईल का?"

मार्चमध्ये मी पापणी लवायच्या आत नाट्युअरलिश म्हणाले होते. या वेळी माझं तोंड उघडेना. बाथरूमची ती फरशी दिसायला लागली, तो ब्रश, त्यांचे गार पडलेले पाय. वर मी पांघरूण घेऊन झोपलेली. बाहेर कुणीतरी वॉकर ढकलत कॉरिडॉरमधून गेलं. एक नर्स येऊन चहाचा ट्रे घेऊन गेली. बाईंनी मला घाई केली नाही, उत्तर सुचवलं नाही, नुसत्या वाट बघत राहिल्या. जबाबदारी म्हणजे काम वाटून घेणं असं मी इतकी वर्षं समजत होते. माझ्या वाट्याला न आलेल्या कामाचं दुःख कुणाच्या वाट्याला जातं, हे मला ऑफिसात कुणी शिकवलं नव्हतं.

"नाही होणार सहन," मी म्हटलं. बोलताना मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. "अजिबात होणार नाही. पण मी येईन."

त्यांनी मान हलवली, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि सोझियालडीन्स्टच्या बाईंना बोलवायला खुर्चीशेजारची घंटी दाबली.

रात्रीपुढे स्वतःच्या नावानं सही करून मंगळवारी त्या घरी आल्या.